तांबडीखाली तेरा परकी पिल्लं

खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेल्या कोंबडीखाली विकतची पिल्लं सोडायची म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: ती मारणार तर नाही ना? जानेवारी २०२५ पर्यंत मीही हेच विचारायचे. त्या महिन्यात भोर तालुक्यातल्या आमच्या घरी कोंबडीने एकही पिल्लू मारलं नाही. एक पिल्लू तरीही मेलं, आणि ते माझ्यामुळे. रोजच्या रोज वहीत लिहीत होते, म्हणून तारखांसकट सांगते.

तांबडी आमची गावरान, तीन वर्षांची, वजन दीड किलोच्या आसपास. याआधी दोनदा तिने पिल्लं काढून मोठी केलेली. परकी पिल्लं द्यायची तर अशी सरावलेली कोंबडी बरी. पहिल्यांदाच बसलेली तलंग काय करेल याचा नेम नसतो. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात ती खुडूक झाली. पोटाखालची पिसं गळून कातडी उघडी पडलेली. हात नेला की अंग फुगवून गुरगुरायची. दिवसातून एकदाच उठायची, घाईघाईने चार दाणे, पाणी, एक भलीमोठी घाण विष्ठा, की परत पाटीत. २३ डिसेंबरला संध्याकाळी तिच्याखाली ११ अंडी ठेवली. पाटीत खाली तूस, वर पेंढा. आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, त्यात एक कोळसा आणि खिळा ठेवला, ढगांच्या गडगडाटाने अंडी नासू नयेत म्हणून. ऐन थंडीत कुठला गडगडाट, पण खिळ्याने कुणाचं काही बिघडत नाही.

बिघडलं होतं ते आधीच. ३ डिसेंबरच्या रात्री खुराड्याचं दार नीट लागलं नव्हतं आणि कुत्र्याने आमचा एकुलता एक कोंबडा नेला. कोंबडा गेला तरी कोंबडीच्या अंगात त्याचं बीज साधारण दोन आठवडे तग धरतं, पण दिवसागणिक फळणारी अंडी कमी होत जातात. मी ठेवलेली अंडी १२ ते २२ डिसेंबरमधली, म्हणजे कोंबडा गेल्यावर नऊ ते एकोणीस दिवसांनी घातलेली. हा हिशेब अंडी ठेवण्याआधी करायला हवा होता. तो सुचला आठव्या दिवशी, ३१ डिसेंबरला, मोबाईलच्या टॉर्चवर अंडी धरून बघताना. तीन अंड्यांत लाल शिरांचं जाळं दिसलं, आठ लख्ख रिकामी. रिकाम्यांतली सहा काढून टाकली. दोनांवर कोळशाची खूण करून ती तशीच ठेवली, पोटाखाली काहीतरी भरल्यासारखं लागावं म्हणून.

१३ जानेवारीला, भोगीच्या दिवशी, एकवीस दिवस भरले. एक पिल्लू बाहेर आलं, तपकिरी, पाठीवर गडद पट्टे. दुसऱ्याने कवच टोचलं आणि आतच दम सोडला. तिसऱ्या अंड्याला संध्याकाळी वास यायला लागला.

आत्या म्हणाल्या, "एका पिल्लापायी कोंबडी दोन-अडीच म्हयने अडकून पडायची. इकत आण नायतर खुडूक मोड." खुडूक मोडायची म्हणजे कोंबडीला पाण्यात बुचकळायचं, नाहीतर नाकपुडीत पीस खुपसायचं. हे जुने उपाय मला पटत नाहीत. आणि तीन आठवडे बसलेली कोंबडी, खाली एक जिवंत पिल्लू, ही संधी सोडण्यासारखी नव्हतीच.

संक्रांतीची रात्र

१४ तारखेला दुपारी आठ पिल्लं आणली, सुधारित गावरान जातीची, ३५ रुपयाला एक. आदल्या संध्याकाळी अंड्यातून निघालेली. अंड्यातून बाहेर पडण्याआधी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेतं आणि त्याच्यावर दोन दिवस सहज काढतं, म्हणून एवढासा जीव खोक्यातून प्रवास करू शकतो. घरी आल्यावर त्यांना पाणी पाजलं, चुलीजवळ पाटीत झाकून ठेवलं आणि रात्रीची वाट बघत बसलो. मुद्दामच बल्ब लावला नव्हता. तेव्हा ते केवळ लाईटीच्या भरवशावर राहायचं नाही म्हणून. त्याचा खरा फायदा पुढे कळला.

पौर्णिमा आदल्याच दिवशी झालेली, अंगणात टिपूर चांदणं. पडवीच्या खिडकीला गोणपाट लावलं. कोंबडीला अंधारात फारसं दिसत नाही, आणि सगळी भिस्त त्यावरच असते.

नऊच्या सुमाराला आधी खुणेची दोन्ही अंडी आणि कवचं काढून घेतली. मग एक पिल्लू मुठीत धरून, मागच्या बाजूने, तिच्या पंखाखालून पोटाकडे सरकवलं. मुठीत ते जिवाच्या आकांताने ओरडत होतं. पोटाखाली गेलं, चार-पाच वेळा ओरडलं, मग आवाज खाली आला आणि शेवटी झोपाळलेल्या पिल्लाची बारीक किरकिर तेवढी उरली. तांबडीने माझ्या मनगटावर दोन सणसणीत टोचे मारले. पिल्लाला काही केलं नाही. दुसरं घातलं आणि पंधरा मिनिटं नुसती बसून राहिले. ती अंग हलवून सावरून बसली, गळ्यातल्या गळ्यात "कुर्र" करत. मग उरलेली सहा एकामागून एक घातली. आत्यांनी आधी माझ्या हातांना चुलीतली राख चोळली होती, माणसाचा वास लागू नये म्हणून. मला नाही वाटत वासाने काही अडलं असतं. पण राखेने हात कोरडे आणि कोमट राहतात, तेवढं खरं.

खरी परीक्षा उजाडताना असते, म्हणून साडेपाचला पाटीशेजारी जाऊन बसले. उजाडायला लागल्यावर पहिलं डोकं बाहेर आलं. तिच्या स्वतःच्या पिल्लाशी त्याचं काही साम्य नाही, हे पिवळं. मग एक करडं, मग एक काळं. काळ्याच्या डोक्यावर तिने हलकेच चोच मारली. ते ओरडलं आणि पळालं ते तिच्याच पोटाखाली. तिथेच माझा जीव भांड्यात पडला. कोंबडी नव्या पिल्लाला चोच लावून बघतेच, कधी चकाकणाऱ्या डोळ्यापाशीही. ते बघणं वेगळं आणि मारणं वेगळं. मारायच्या बेताची कोंबडी मानेची पिसं फुलवते, पिल्लाच्या मानगुटीला धरून फेकते, आणि पिल्लू दूर गेलं तरी मागे धावते. तसं दिसलं तर एक क्षण न थांबता पिल्लं काढून घ्यायची, तिला 'सवय होईल' म्हणून थांबायचं नाही. तांबडीने तसलं काही केलं नाही. पुढ्यात टाकलेल्या कण्या चोचीने उचलून खाली टाकत तिने "टुक टुक टुक" सुरू केलं आणि नऊच्या नऊ तिच्या चोचीपाशी गोळा झाली.

हे इतकं सरळ का झालं? एक कारण तिच्या पोटात आहे. अंड्यांवर बसलेल्या कोंबडीच्या उघड्या पोटाला अंड्यांचा स्पर्श होत राहतो, त्याने रक्तात प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक चढं राहतं आणि ती बसून राहते. पिल्लं आली की त्यांच्या उबदार हालचालीने तिचं खुडूकपण सरतं आणि ती आई होते. म्हणून कालपरवा खुडूक झालेलीपेक्षा दोन-तीन आठवडे बसलेली कोंबडी लवकर पिल्लं घेते. दुसरं कारण तिच्या कानात. व्होल्फगांग श्लाइट यांनी टर्की माद्यांवर केलेला एक प्रयोग १९६० मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या माद्यांना ऐकू येईनासं केलं होतं, त्यांनी स्वतःच्याच अंड्यांतून निघालेली पिल्लं मारली. पिल्लू डोळ्यांना दिसत होतं, पण ओरडत नसलेलं पिल्लू त्यांच्या लेखी घरट्यात शिरलेला एक केसाळ प्राणी होता. टर्की आणि कोंबडी एक नव्हे, पण काळ्या पिल्लाने ओरडताच तांबडीची मान जशी वळली ते बघून मला तोच प्रयोग आठवला. रात्रभर तिने ज्यांचे आवाज पोटाखाली ऐकले ते सकाळी कुठल्या रंगाचे निघाले, याची तिला फिकीर नव्हती.

इथे थांबले असते तर हे सगळं लिहायची वेळच आली नसती.

गुलाबी, हिरवी

१५ तारखेला शेजारच्या वहिनी आल्या. त्यांच्या मुलाने आठवडी बाजारातून रंगवलेली पाच पिल्लं आणली होती, दोन गुलाबी, दोन हिरवी, एक नारिंगी, दहा रुपयाला एक. अंडी देणाऱ्या जातींच्या हॅचरीत नर पिल्लांना किंमत नसते, तीच अशी रंगवून पोरांना विकली जातात. चार-पाच दिवस ती खोक्यात साठ वॅटच्या बल्बखाली होती. वहिनींना माहेरी जायचं होतं. "तुझ्या तांबडीने आठ घेतली, तर पाचाने काय होतंय?" मीही तेच म्हटलं.

आम्हा सगळ्यांचं लक्ष रंगाकडे. गुलाबी पिल्लाला कोंबडी काय करेल यावर घरात पैज लागायची बाकी होती. पद्धत तीच, रात्री नऊला, अंधारात, मागून. तांबडीने कालच्यासारखंच केलं: मला टोचे, पिल्लांना काही नाही. पण पिल्लांचा आवाज खाली येईना. एक घातलं की आधीचं दुसऱ्या बाजूने बाहेर. बघायला टॉर्च लावला की पाचही जण उजेडाकडे धावायची, थेट माझ्या हातावर. तीन-चार वेळा आत ढकलली, मग टॉर्च बंद केला आणि 'अंधारात बसतील आपोआप' असं म्हणून झोपायला गेले. ही माझी चूक. काल पहाटे साडेपाचला हजर होते, आज पावणेसातला गेले.

पडवीत टांगलेल्या थर्मामीटरवर रात्रीचं किमान ११ अंश. पाचही पिल्लं पाटीबाहेर, भिंतीच्या कोपऱ्यात एकमेकांवर चढून बसलेली. सगळ्यात खालचं हिरवं गार पडलं होतं, दुसरं हिरवं मान टाकून. हातभर अंतरावर तांबडी नऊ पिल्लांवर बसलेली, आणि मधूनमधून त्या कोपऱ्याकडे मान करून बोलावतही होती. पहिल्या आठवड्यात पिल्लाला ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते. स्वतःच्या अंगाची ऊब राखणं त्याला अजून जमत नाही. ती ऊब हातभरावर होती आणि ती तिकडे गेली नाहीत.

मान टाकलेल्याला आत्यांनी पदरात गुंडाळून वैलाशेजारी धरलं. अर्ध्या तासाने ते हलायला लागलं. त्याला चोळता चोळता त्या म्हणाल्या, "कोंबडीचं काय चुकलं न्हाय. ह्यांनाच आई म्हंजी काय ते ठावं न्हाय."

मला आधी हे पटलं नाही. माझा संशय जागेवर होता. दीड किलोच्या गावरान कोंबडीच्या पंखाखाली थंडीच्या दिवसांत दहा-बारा पिल्लं नीट मावतात. एक, आठ आणि पाच मिळून चौदा झाली होती. कडेची बाहेर पडली असतील. हे तपासायला सोपं होतं. दुपारी तांबडीची नऊ पिल्लं काढून चुलीजवळच्या पाटीत ठेवली आणि ती चार रंगीत तेवढी तिच्याबरोबर एका डालग्याखाली झाकली. आता जागाच जागा. ती बसली, पंख सैल सोडून बोलावत राहिली. चौघं तिच्याभोवती फिरली, तिच्यासमोरच्या कण्या खाल्ल्या, आणि गारठा लागायला लागल्यावर गेली कुठे? कौलात एक काच आहे, तिचा उन्हाचा चौकोन डालग्याच्या फटीतून जमिनीवर पडतो, त्या चौकोनात जाऊन दाटीवाटीने बसली. ऊन सरकलं तशी तीही सरकली.

मग आत्यांचं म्हणणं कळलं. अंड्यातून निघालेलं पिल्लू पहिल्या एक-दोन दिवसांत जे हलतं-बोलतं त्याच्या मागे लागतं, आणि एकदा लागलं की तेच त्याची आई. डग्लस स्पॉल्डिंग या निसर्गअभ्यासकाने १८७३ मध्ये हे कोंबडीच्याच पिल्लांबद्दल लिहून ठेवलं. काही पिल्लांची डोकी त्याने जन्मतःच टोपीने झाकून ठेवली होती. तीन दिवसांच्या आत टोपी काढली तर ती त्याच्यामागे धावली. चौथ्या दिवशी काढली तर त्यालाच घाबरून पळाली. वहिनींची पिल्लं पाचव्या दिवशी माझ्याकडे आली. तोवर त्यांच्या जगात ऊब म्हणजे वरून येणारा पिवळा उजेड, आणि सोबत म्हणजे बाकीची चार. काळोखात बोलणारा, पिसांचा मोठा डोंगर त्यांच्या ओळखीचा नव्हता. माझी आठ मात्र जेमतेम दिवसाची होती, आणि त्यांनी बल्ब पाहिलाच नव्हता.

काय केलं

कौलातल्या काचेवर आतून गोणपाट ठोकलं. पडवीचा दिवा तीन दिवस बंद. डालग्याखाली तांबडी, चार रंगीत आणि तिच्या नऊपैकी दोन धीट पिल्लं, एक तिचं पट्टेवालं आणि एक पिवळं. बाकीची सात रात्री परत तिच्याखाली, दिवसा चुलीजवळ. कल्पना अशी की रंगीत पिल्लांना आईची ओळख नाही, पण पिल्लांची आहे. बरोबरचं पिल्लू पिसांत घुसून दिसेनासं झालं की मागोमाग एखादं जाईल.

तसंच झालं, पण माझ्या कल्पनेपेक्षा हळू. १६ तारखेच्या संध्याकाळी नारिंगी पिल्लू पट्टेवाल्यामागून तिच्या पंखाखाली गेलं आणि राहिलं. पाठोपाठ एक गुलाबी. मी दर वीस मिनिटांनी जाऊन बाहेरच्या दोघांना आत सरकवत होते, पायात कण्हणारी पिल्लं आणि मनगटावर टोच्यांची नक्षी. रात्री त्या दोघांना कापडात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटलीशी ठेवलं. कालचा प्रकार पुन्हा नको होता. १७ ला दुपारी, वैलाशेजारी जगवलेलं हिरवंही गेलं. दुसरं गुलाबी काही केल्या जाईना. ते तांबडी जवळ आली की पळायचं, आणि १८ ला सकाळी तिने पहिल्यांदाच मानेची पिसं फुलवून त्याला चोच मारली, रक्त येईपर्यंत. तिला दोष देता येत नाही. जे सारखं पळतं आणि बोलावलं तरी येत नाही, ते तिच्या हिशेबात पिल्लू नसावं. त्याच तासाला ते उचललं, जखमेला हळद लावली आणि बल्बखाली परत पाठवलं. वहिनींच्या मुलाला आनंदच झाला.

आता एक गोष्ट जी मी पुन्हा करणार नाही. आठ पिल्लांना हॅचरीत मरेक्स या कोंबड्यांच्या रोगाची लस टोचलेली होती. तांबडीच्या पिल्लाला काहीच नव्हतं, आणि रंगीत पिल्लांचं मूळ-कूळच माहीत नव्हतं. सगळ्यांना एका डालग्याखाली कोंबणं म्हणजे आजारपणाला आवतण. त्याच महिन्यात उदगीरला कावळ्यांत आणि उरण तालुक्यात चिरनेरला कोंबड्यांत बर्ड फ्लू सापडल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा मला रात्री झोप लागत नव्हती. काही झालं नाही ते नशीब. २० तारखेला सगळ्यांच्या डोळ्यांत लासोटाचे, म्हणजे मानमोडीवरच्या (राणीखेत) लसीचे थेंब घातले, बाकीच्या कोंबड्यांना महिनाभर पडवीकडे फिरकू दिलं नाही.

पुढचं सोपं होतं. पाण्याच्या ताटलीत खडे, नाहीतर पिल्लं भिजून मरतात. खायला पिल्लांचं स्टार्टर, तांबडीही तेच खायची; त्या दिवसांत ती अंडी देत नसल्याने चालतं. पाचव्या दिवशी बारा पिल्लं घेऊन ती अंगणात उतरली, आणि त्या दिवसापासून बघणाऱ्याला कुठलं तिचं, कुठलं विकतचं ते सांगता आलं नसतं, तीन रंगीत सोडून. घार दिसली की तिचा तो लांबट, घोगरा आवाज, की रंगीतसुद्धा जागच्या जागी बसायची. उजेडाची ओढ मात्र पूर्ण गेली नाही. पडवीतला दिवा पुन्हा सुरू केल्यावर हिरवं पिल्लू संध्याकाळी दोनदा त्याच्याखाली जाऊन उभं राहिलं आणि तिने हाक मारल्यावर आलं.

फेब्रुवारीत एक करडं पिल्लू शिक्र्याने उचललं, एक पायाने अधू झालं आणि गेलं. रंग उडून पांढरी पिसं आली तेव्हा कळायचं ते कळलं: तिन्ही नर. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात तांबडीने एके सकाळी दहाही जणांना टोचून हाकललं आणि त्या रात्री एकटीच खुराड्यातल्या दांडीवर जाऊन बसली. १९ मार्चला तिने त्याच पाटीत अंडं घातलं. आत्यांनी सवयीने कोळसा उचलला, अंड्यावर रेघ ओढली, आणि मग तिन्ही पांढऱ्या कोंबड्यांकडे बघून हसल्या. दोन महिन्यांची पोरं ती, अजून आरवायलाही धड येत नव्हतं. अंडं तव्यावर गेलं.